आर-टू-आर की डेल्टा-सिग्मा? डॅकचे प्रकार ओळखायचे कसे, ऐकून पारखायचे कसे

तुमच्या घरात आत्ता किती डॅक आहेत, ते आधी मोजा. मोबाइलमध्ये एक, लॅपटॉपमध्ये एक, टीव्हीत एक, सेट-टॉप बॉक्समध्ये एक, ब्लूटूथ इअरबड असतील तर दोन्ही कानांत एकेक. फाइलमधले आकडे कधी ना कधी विजेच्या कमी-जास्त होणाऱ्या दाबात बदलावेच लागतात, त्याशिवाय स्पीकरचा पडदा हलणार नाही. हा बदल घडवणारा तो डॅक, म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर.

वेगळा डॅक घ्यायचं मनात आलं की लगेच दोन पक्ष समोर येतात. एक म्हणतो, आर-टू-आर घ्या, आवाज नैसर्गिक येतो. दुसरा म्हणतो, डेल्टा-सिग्माची मोजमापं बघा, बाकी सगळं मनाचं. मला काय वाटतं ते आधीच सांगतो. प्रकारावरून आवाजाची प्रत ठरत नाही. चुका कुठे होतील, हे मात्र प्रकारावरून कळतं. लॅडर (आर-टू-आरचंच दुसरं नाव) एका ठिकाणी चुकतो, डेल्टा-सिग्मा दुसऱ्या ठिकाणी, आणि चांगला बनवणारा नेमकी तीच जागा सांभाळतो. ही जागा माहीत असली की तुलना करताना कान कुठे लावायचे ते समजतं. हा लेख त्याच अंगाने लिहिला आहे.

आधी डॅक कुठे बसलाय ते शोधा

ही पायरी गाळून लोक पैसे घालवतात, म्हणून ती पहिली.

ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर मोबाइलमधल्या डॅकचा त्यात काहीही संबंध नाही. फोन आकडेच पाठवतो आणि रूपांतर हेडफोनच्या आत होतं. त्यामुळे ब्लूटूथवर ऐकणाऱ्याने फोनसाठी वेगळा डॅक घेऊन उपयोग नाही. फोनला हेडफोनचा जॅक नसेल तर यूएसबी-सीची छोटी डोंगल लावावी लागते, आणि बहुतेक डोंगलमध्ये डॅक असतोच. काही अगदी स्वस्त डोंगल मात्र नुसत्या तारा जोडतात आणि फोनच्याच डॅकवर विसंबतात. अशी डोंगल काही फोनवर चालते, काहींवर मुकी राहते. टीव्हीतून ऑप्टिकल वायर साउंडबारला गेली असेल तर काम करतो तो साउंडबारचा डॅक.

होम थिएटरच्या रिसीव्हरचं प्रकरण जरा खोलात बघायला हवं. तुम्ही हौसेने महागडा डॅक आणला आणि आरसीए वायरने रिसीव्हरला जोडला. बहुतेक रिसीव्हर आत आलेला ॲनालॉग सिग्नल पुन्हा डिजिटल करतात, त्यावर बास-ट्रेबल, खोलीची दुरुस्ती, सबवूफरची विभागणी असं सगळं करतात आणि मग स्वतःच्या डॅकमधून बाहेर काढतात. म्हणजे ऐकू येतो तो रिसीव्हरचाच डॅक. रिसीव्हरच्या मेनूत ‘डायरेक्ट’ किंवा ‘प्युअर डायरेक्ट’ असा पर्याय असतो. तुलना करायची तर तो लावा. आत डीएसपी (डिजिटल आवाजावर प्रक्रिया करणारी चिप) असलेल्या ॲक्टिव्ह, म्हणजे ॲम्प्लिफायर आतच असलेल्या स्पीकरचंही हेच. त्यांना ॲनालॉग वायर देण्यापेक्षा सरळ डिजिटल वायर द्यावी.

लॅडर, म्हणजे आर-टू-आर

किराणा दुकानातली वजनं आठवा. प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मं आहे अशी सोळा वजनं घेतली, तर ती तराजूत ठेवून-काढून ६५,५३६ वेगवेगळी मापं करता येतात. आकड्यातलं शून्य-एकाचं प्रत्येक घर म्हणजे बिट. सोळा बिटांचा लॅडर डॅक हेच विजेने करतो. प्रत्येक बिटासाठी एक स्विच, आणि दोनच किमतींच्या रेझिस्टरची शिडीसारखी जोडणी: एक ‘आर’, दुसरा त्याच्या दुप्पट. ‘आर-टू-आर’ हे नाव त्यावरून पडलं. सीडीवरच्या प्रत्येक चॅनलसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा नवा आकडा येतो, स्विच बदलतात, नवा दाब बाहेर पडतो.

रचना सुंदर आहे, पण सगळ्यात मोठ्या वजनात सगळ्यात छोट्या वजनाच्या निम्म्याएवढीही चूक चालत नाही. सोळा बिटांना ही अचूकता साधारण ०.००१५ टक्के इतकी लागते. बाजारात मिळणारे उत्तम रेझिस्टर ०.०१ टक्क्याचे असतात, म्हणजे नुसत्या त्यांच्या भरवशावर तेरा बिटांच्या आसपास हात टेकावे लागतात. चूक कुठे होते हेही लक्षात घ्या. आकडा बरोबर मध्यावर, म्हणजे शून्याजवळ, एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो तेव्हा सगळ्यात मोठं वजन चढतं आणि बाकीची सगळी एकदम उतरतात. संगीताची लहर तर सतत शून्यातून ये-जा करत असते. हळू आवाजातली लहर त्याच्याच आसपास राहते. म्हणून लॅडरची चूक जोरकस भागात लपते आणि अगदी हळू भागात उघडी पडते. कान लावायची पहिली जागा ही.

यावर उपाय शोधताना अभियंत्यांनी फार सुरेख काम केलं आहे. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली तेव्हा सोनीने सोळा बिटांचा डॅक वापरला. फिलिप्सकडे टीडीए १५४० ही चौदा बिटांची चिप होती. तिच्यापुढे चौपट ओव्हरसॅम्पलिंग करणारा, म्हणजे दोन आकड्यांच्या मधे हिशेबाने आणखी आकडे भरणारा डिजिटल फिल्टर आणि नॉइज शेपिंग (त्याबद्दल पुढे) लावून त्यांनी सोळा बिटांच्या तोडीचं काम काढून घेतलं. पुढे आलेल्या टीडीए १५४१ मध्ये मोठ्या बिटांचे प्रवाह आळीपाळीने फिरवून सरासरीने चूक पुसायची युक्ती होती. ही चिप काटेकोर अर्थाने आर-टू-आर नाही, पण ‘मल्टिबिट’ या घराण्यातलीच, आणि तिचे चाहते आजही जुने प्लेअर शोधत फिरतात. अमेरिकेतल्या बर-ब्राउनने पीसीएम ६३ आणि पीसीएम १७०४ या चिपांमध्ये रेझिस्टर लेझरने तासून जुळवले, शिवाय धन आणि ऋण बाजूंसाठी वेगळे डॅक ठेवून मध्यावरची उडीच टाळली. अशा चिप बनवणं महाग असतं. पीसीएम १७०४चं उत्पादन केव्हाच बंद झालं.

आजचे बहुतेक लॅडर डॅक सुटे रेझिस्टर बोर्डावर बसवून बनतात. डेनाफ्रिप्स, होलो ऑडिओ, सोएक्रिस, फिओ ही त्यातली माहितीतली नावं. अमेरिकेतली शिट ही कंपनी आपल्या मल्टिबिट डॅकमध्ये औद्योगिक उपकरणांसाठी बनलेल्या ॲनालॉग डिव्हायसेसच्या अचूक चिप वापरत आली आहे. सुट्या रेझिस्टरच्या डॅकमध्ये जुळवाजुळव कशी केली आहे, हा किमतीचा मुख्य भाग असतो. विकणाऱ्याला हाच प्रश्न विचारा.

‘नॉस’ म्हणजे नेमकं काय

लॅडर डॅकमध्ये बऱ्याचदा ‘नॉस’ असं बटण असतं. त्याचा अर्थ ओव्हरसॅम्पलिंग बंद. फाइलमधला आकडा जसा आहे तसा लॅडरला जातो आणि पुढचा आकडा येईपर्यंत दाब तिथेच थांबतो, म्हणून लहर पायऱ्यापायऱ्यांची होते.

याचे दोन परिणाम गणिताने सांगता येतात. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झ फाइलवर १० किलोहर्ट्झला आवाज पाऊण डेसिबलने आणि २० किलोहर्ट्झला ३.२ डेसिबलने उतरतो. शिवाय २२.०५ किलोहर्ट्झच्या पलीकडे मूळ संगीताच्या उलट्या प्रतिमा शिल्लक राहतात. त्या थेट ऐकू येत नाहीत, पण पुढच्या ॲम्प्लिफायरला त्रास झाला तर त्याचे पडसाद ऐकू येण्याच्या पट्ट्यात उमटू शकतात. ‘नॉस’चा आवाज मऊ वाटतो, यात वरच्या पट्टीतल्या या उताराचा वाटा मोठा आहे. तो आवडणं यात काहीच गैर नाही. मला स्वतःला जुन्या, कडक मास्टर केलेल्या (मास्टर करणं म्हणजे ध्वनिमुद्रणावरचा शेवटचा हात) सीडींवर तो बरा वाटतो. फक्त हा मऊपणा रेझिस्टरमधून आला असं समजू नका. खातरजमा सोपी आहे: ओव्हरसॅम्पलिंग चालू करून तोच लॅडर पुन्हा ऐका. मऊपणा गेला तर तो फिल्टरचा होता.

डेल्टा-सिग्मा

ही कल्पना टोकियो विद्यापीठातल्या इनोसे आणि यासुदा यांनी १९६२ मध्ये मांडली. वजनांच्याच भाषेत सांगायचं तर सोळा वजनं ठेवण्याऐवजी एकच वजन सेकंदाला लाखो वेळा ठेवायचं आणि उचलायचं, आणि सरासरीने हवं ते माप साधायचं. वजन एकच असल्यामुळे जुळवाजुळवीचा प्रश्नच उरत नाही. एवढ्या ढोबळ मापामुळे खरखर प्रचंड होते खरी, पण ती आत फिरवून-फिरवून ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्टीत ढकलली जाते. यालाच नॉइज शेपिंग म्हणतात. शेवटी एक साधा फिल्टर ती खरखर गाळतो.

१९८०च्या दशकाच्या शेवटी फिलिप्सने ‘बिटस्ट्रीम’ आणि जपानमध्ये एनटीटी-मात्सुशिता यांनी ‘मॅश’ या नावाने हे तंत्र सीडी प्लेअरमध्ये आणलं. १९९९ च्या सुपर ऑडिओ सीडीवर तर रेकॉर्डिंगच एका बिटाचं होतं, सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा, म्हणजे सीडीच्या ६४ पट वेगाने. आजच्या चिप शुद्ध एका बिटाच्या नसतात. आत थोड्या पातळ्या ठेवून त्यांच्यातली चूक फिरवून पुसली जाते. ईएसएस, एकेएम, सिरस लॉजिक आणि बर-ब्राउनला २००० मध्ये विकत घेणारी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स हे यातले मुख्य उत्पादक. तुमच्या फोनच्या डोंगलपासून स्टुडिओतल्या यंत्रापर्यंत सगळीकडे हाच प्रकार आहे.

‘बर-ब्राउन’ हा शिक्का पाहून लॅडर समजण्याची गल्लत मात्र करू नका. पीसीएम १७९४ सारख्या चिपमध्ये वरचे सहा बिट थेट प्रवाहांच्या रूपात जातात आणि खालचे डेल्टा-सिग्मामधून. ती दोन्हींच्या मधली रचना आहे. जाहिरातीत ‘मल्टिबिट’ एवढंच लिहिलेलं असेल तर चिपचं नाव विचारून घ्या.

डेल्टा-सिग्मा कुठे चुकतो? हळू भागात तो लॅडरपेक्षा सहसा सरस असतो. त्याची नाजूक जागा वरच्या टोकाला आहे. हल्लीची गाणी इतकी जोरात मास्टर होतात की फाइलमधले आकडे कमाल मर्यादेला टेकलेले असतात. दोन आकड्यांच्या मधली खरी लहर ओव्हरसॅम्पलिंगच्या वेळी त्या मर्यादेच्याही वर जाते. आतल्या फिल्टरला वर जागा ठेवलेली नसेल तर ती छाटली जाते आणि झांज, टाळ्या, तीव्र स्वर चरचरीत होतात. ओव्हरसॅम्पलिंग करणाऱ्या लॅडरलाही हे लागू आहे. इलाज फुकट आहे: प्लेअरचा डिजिटल आवाज ३ डेसिबलने कमी ठेवा आणि ॲम्प्लिफायरचा वाढवा. बऱ्याच जणांचा ‘कोरडा डॅक’ एवढ्यानेच सुधारतो.

चिपभोवतीचं सर्किट किती महत्त्वाचं असतं, याचं चांगलं उदाहरण ईएसएसचं आहे. त्या चिप वापरणाऱ्या कित्येक उपकरणांत मधल्या पातळीवर विकृती (डिस्टॉर्शन) वाढल्याचं मोजमापांत दिसायचं. चिपच्या मागे लावलेल्या ऑप-ॲम्पच्या (छोट्या ॲम्प्लिफायर चिपच्या) जोडणीत बदल केल्यावर तीच चिप सरळ चालू लागली. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथे एकेएमच्या कारखान्याला आग लागली आणि अनेक कंपन्यांना आपली उपकरणं दुसऱ्या चिपवर नव्याने उभी करावी लागली. तेव्हाही चांगल्या कंपन्यांचे डॅक चांगलेच राहिले.

एफपीजीएवर, म्हणजे आतली जोडणी हवी तशी ठरवता येणाऱ्या चिपवर, स्वतःचा कोड लिहून डॅक बनवणारी तिसरी जात आहे. इंग्लंडच्या कॉर्डसाठी रॉब वॉट्स हे करतात, अमेरिकेत पीएस ऑडिओच्या डायरेक्टस्ट्रीममध्ये हेच होतं. तत्त्व डेल्टा-सिग्माच्या जवळचंच, फरक फिल्टरच्या लांबीचा आणि कारागिरीचा.

कागदावरचे आकडे

खोक्यावरच्या ‘३२ बिट’ला काही अर्थ नाही. आत येणारा आकडा केवढा चालतो, इतकंच त्यातून कळतं. बघायचा तो सिनॅड हा आकडा, म्हणजे खरखर आणि विकृती मिळून मूळ आवाजाच्या किती खाली आहेत ते. त्यातून १.७६ वजा करून ६.०२ ने भागलं की खरे बिट मिळतात. १२० डेसिबल म्हणजे साडेएकोणीस बिटांच्या आसपास. सोळा बिटांच्या सीडीची स्वतःची मर्यादा ९८ डेसिबल आहे. म्हणून १०० च्या वरचा डॅक सीडीच्या आड येत नाही, आणि ११५ विरुद्ध १२२ या फरकासाठी दुप्पट पैसे मोजू नयेत.

याहून उपयोगाचे दोन आकडे लोक वाचत नाहीत. पहिला, आउटपुटचा दाब. आरसीएवर २ व्होल्ट आणि एक्सएलआरवर (तीन पिनांच्या जोडणीवर) ४ व्होल्ट हे सर्वसाधारण प्रमाण. एखादा डॅक २.५ व्होल्ट देत असेल तर तो जवळपास २ डेसिबल जोरात वाजतो, आणि माणसाच्या कानाला जोरात तेच चांगलं वाटतं. दुसरा, हेडफोनच्या भोकाचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या विजेला होणारा तिथला अडथळा. तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या भागाहून कमी हवा: ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमपर्यंत, १६ ओहमच्या इअरफोनला २ ओहमपर्यंत. जास्त असेल तर काही इअरफोनचा सूरच बदलतो. हा फरक कोणत्याही दोन प्रकारच्या डॅकमधल्या फरकाहून मोठा असतो.

तुलनेची मांडणी

आता प्रत्यक्ष काम. आकडे न बदलता डॅकपर्यंत पोचले पाहिजेत, ही पहिली अट. विंडोज नेहमीच्या पद्धतीत सगळं एकाच दराला बदलून पाठवतं, म्हणून प्लेअरमध्ये ‘वासापी एक्सक्लुझिव्ह’ किंवा ‘एएसआयओ’ निवडा आणि साउंडच्या सेटिंगमधल्या ‘एन्हान्समेंट’ बंद करा. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये जाऊन गाण्याचाच दर ठेवा. अँड्रॉइड बहुतेक सगळं ४८ किलोहर्ट्झला बदलतं. यूएसबी डॅकशी थेट बोलणारं प्लेअर ॲप वापरलं की हे टळतं. अँड्रॉइड १४ पासून सिस्टिममध्येही तशी सोय आली आहे, पण ॲपने ती वापरायला हवी.

मग आवाजाची पातळी जुळवा. बाकी काही केलं नाही तरी चालेल, पण हे करा. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात २०० हर्ट्झचा सूर तयार करा आणि दोन्ही डॅकमधून वाजवून आउटपुटवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. इथे एक अडचण हमखास येते. दुकानात सहज मिळणारा पिवळा डीटी-८३० जातीचा मीटर एसीसाठी २०० आणि त्यावरचीच रेंज देतो. त्यावर १ व्होल्ट आणि १.१ व्होल्ट यांतला फरकही नीट कळत नाही. २ व्होल्टची एसी रेंज असलेला किंवा ऑटोरेंज मीटर हवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत बघून घेता येतो. सूर २०० हर्ट्झचाच घ्या, कारण साधे मीटर वरच्या पट्टीत एसी चुकीचं दाखवतात. हेडफोनवर तुलना असेल तर हेडफोन जोडलेला असतानाच मोजा. दोन वाचनांत एक टक्क्याहून कमी फरक राहिला, म्हणजे एकाचं १.००० तर दुसऱ्याचं १.०१० च्या आत, की ०.१ डेसिबलच्या आत जुळलं. जोरात वाजणाऱ्याचा आवाज प्लेअरमधून कमी करा. चोवीस बिटांच्या आउटपुटवर एवढ्याने काही बिघडत नाही.

दोन डॅकमध्ये चटकन बदल करायला आरसीएचा साधा सिलेक्टर डबा पुरतो. शक्य असेल तर एकाच स्रोतातून एका डॅकला कोॲक्सियल आणि दुसऱ्याला ऑप्टिकल द्या, म्हणजे दोन्ही एकाच वेळी चालू राहतील. फिल्टरच्या लांबीप्रमाणे डॅकला थोडा उशीर लागतो. बदलताना गाणं किंचित मागे-पुढे उडी मारत असेल तर त्यावरूनच डॅक ओळखू येतो, आणि चाचणी तिथेच फसते. अशा वेळी बदल करताना मधे काही सेकंद शांतता ठेवा.

घरातल्या कुणालातरी बदलायला बसवा आणि त्यांनी नाणेफेकीवरून क्रम ठरवून कागदावर लिहावा. तुम्ही न बघता ओळखायचं. दहापैकी आठ बरोबर आले तरी ते नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता साडेपाच टक्के असते. नऊ आले तर एक टक्क्याच्या जवळ. दहात सहा-सात आले तर फरक सापडला नाही असं समजा आणि दुसऱ्या दिवशी, ताज्या कानाने, पुन्हा बसा.

काय ऐकायचं

लॅडर पारखायला हळू भाग घ्या. उत्तम ध्वनिमुद्रण असलेल्या ख्याल गायनात गायक थांबतो आणि मागे फक्त तानपुरा उरतो, तो क्षण सोन्यासारखा आहे. जवारीतून सुटणारे वरचे स्वर एकेक होऊन विरत जातात. डावा-उजवा तानपुरा वेगळा ऐकू येत असेल तर आणखी चांगलं. चांगल्या लॅडरमधून हे विरणं अगदी शेवटपर्यंत गुळगुळीत राहतं. बिघडलेल्या लॅडरमध्ये शेवटच्या टप्प्यात किंचित दाणेदारपणा येतो. सतारीच्या तरफांचाही उपयोग होतो. ‘नॉस’साठी घुंगरू, झांज, टाळ ऐका. भजनाच्या थेट ध्वनिमुद्रणात टाळांची चकाकी किती राहते ते बघा. जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून उतरवलेली नाट्यपदं इथे कामाची नाहीत, त्यांच्यात वरच्या पट्टीत काही नसतंच. डेल्टा-सिग्माच्या वरच्या टोकासाठी अलीकडचं, ढोल-ताशा भरलेलं, जोरात मास्टर केलेलं चित्रपटगीत घ्या. एकदा पूर्ण डिजिटल पातळीला आणि एकदा ३ डेसिबल खाली ऐका. दुसऱ्या वेळी ॲम्प तेवढाच वाढवा.

लॅडरसाठी आणखी एक कसोटी आहे, संगीताशिवायची. ऑडॅसिटीत १००० हर्ट्झचा सूर ०.००१ या ॲम्प्लिट्यूडने तयार करा. तो कमाल पातळीच्या ६० डेसिबल खाली असतो. फाइल चोवीस बिटांत काढा, सोळा बिटांत फाइलच दाणेदार होण्याचा धोका असतो. हेडफोनवर आवाज वाढवून ऐका. बासरीसारखा साधा, गोल सूर आला तर लॅडर नीट जुळलेला आहे. त्यात भुणभुण किंवा चिरकेपणा मिसळला असेल तर मोठ्या बिटांची जुळणी बिघडली आहे. ऐकून झालं की आवाज शून्यावर आणल्याशिवाय दुसरं काहीही लावू नका. त्या पातळीला चुकून गाणं सुरू झालं तर कानाला कायमची इजा होऊ शकते.

डॅकवर फिल्टरची चार-सहा बटणं असतील तर तुलना करताना दोन्हीकडे ‘फास्ट, लिनिअर फेज’ ठेवा. ‘स्लो’ फिल्टर ४४.१ च्या फाइलवर वरची पट्टी उतरवतात, आणि मग पुन्हा प्रकाराऐवजी फिल्टरचीच तुलना होते.

गुणगुण आली तर

आपल्याकडच्या घरांत डॅकला नाव ठेवण्याआधी अर्थिंग तपासावं. संगणक आणि ॲम्प्लिफायर दोघेही अर्थला जोडलेले असले आणि मधे यूएसबी डॅक आला की अर्थच्या तारांचा फेरा (ग्राउंड लूप) पूर्ण होतो आणि ५० हर्ट्झची घरघर सुरू होते. माउस हलवला की चिर्र असा आवाज येणं हीसुद्धा त्याचीच खूण. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा. घरघर थांबली तर दोष डॅकचा नाही. संगणक किंवा टीव्हीमधून ऑप्टिकल वायर काढली की विजेचा संबंधच तुटतो आणि बहुतेक घरघरी तिथे संपतात. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे.

मग घ्यायचं काय

फोनवर साध्या इअरफोनने ऐकत असाल तर चांगली यूएसबी-सी डोंगल पुरे. ॲपलची ९ डॉलरची डोंगल मोजमापात कितीतरी महागड्या यंत्रांच्या पंगतीत बसते. अँड्रॉइड फोनवर तिचा आवाज फार कमी येतो, त्यामुळे तिथे दुसरी बघावी. चालवायला जड हेडफोन असेल तर डॅकपेक्षा ॲम्पवर खर्च करा. दोन चॅनलची चांगली सिस्टिम असेल आणि आधीचा डॅक २ व्होल्ट, १०० डेसिबल सिनॅड सहज देत असेल, तर पुढचे पैसे स्पीकर आणि खोलीतले पडदे-गालिचे यांवर जास्त कामी येतील.

लॅडर घ्यायचा असेल तर परत करायची मुदत असलेल्या ठिकाणाहून घ्या आणि त्या मुदतीत वर सांगितलेली, पातळी जुळवून करायची चाचणी करा. आवाज ‘नॉस’ चालू असतानाच आवडतो की ओव्हरसॅम्पलिंगसकट, हे नक्की ठरवा. फक्त ‘नॉस’मध्येच आवडत असेल तर तोच उतार चांगल्या इक्वलायझरने तुमच्या सध्याच्या डॅकवर लावून बघा. १० किलोहर्ट्झला पाऊण, २० किलोहर्ट्झला तीन डेसिबल खाली. तेवढ्याने समाधान झालं तर मोठी रक्कम वाचली. नाही झालं, तर लॅडर तुमच्यासाठी आहे, निर्धास्त घ्या.

टीडीए १५४१ असलेला जुना प्लेअर घेणाऱ्यांनी आधी मागची पट्टी वाचावी. जपानच्या बाजारासाठी बनलेली यंत्रं १०० व्होल्टची असतात आणि आपल्या २३० व्होल्टवर लावताक्षणी जळतात. १०० व्होल्टचा योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, अमेरिकी यंत्रांसाठी मिळणारा ११० व्होल्टचा इथे नको. लेझर युनिट थकलेलं आहे का ते दुकानातच बघा: जास्त वेळाची सीडी लावून शेवटचं गाणं वाजवा, मग पहिल्यावर परत या. ट्रॅक शोधायला वेळ लागत असेल, किंवा मधेच अडखळत असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी ठेवून या.